आमच्या गाडीचे तोंड पुढेच असल्याबाबत

प्रति,
माननीय प्रमुख वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय,
पहिला मजला, जिन्याजवळची खोली.

विषय: माझ्या वाहनाचे तोंड मागे असल्याची नोंद दुरुस्त करणे, तसेच कार्यालयाच्या आवारात अनधिकृत केंद्र चालवल्याबद्दलची नोटीस मागे घेणे.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही).
२) काल दुपारी माझ्या हातात दिलेली नोटीस.

महोदय,

मी बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवणयंत्रे दुरुस्त करतो. पत्नी परिचारिका आहे, मुलगी दहा महिन्यांची आहे आणि सासूबाई आमच्याकडे राहतात. गाडी एकच, राखाडी, चार दारांची, आणि तिचे तोंड पुढे आहे. हे शेवटचे वाक्य लिहून देण्याची वेळ माझ्यावर का आली, ते आपल्या माहितीसाठी क्रमाने सादर करतो.

१. मुलगी चार महिन्यांची असताना मी तिच्यासाठी बालआसन आणले. दिवसभर यंत्रांचे पट्टे आणि ताण जुळवणारा माणूस मी. त्यामुळे सोबतची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. दहा मिनिटांत आसन मागच्या बैठकीवर बसवले आणि पत्नीला रुग्णालयातून आणायला निघालो. मुलगी घरी सासूबाईंजवळ होती, म्हणून आसन रिकामे होते. वाटेत कुत्रे आडवे आले. मी करकचून ब्रेक दाबला, आणि ते आसन जागेवरून उखडून माझ्या पाठीमागे येऊन आदळले. रुग्णालयाच्या दारात पत्नीने मागचे दार उघडले, आसन उलटे पडलेले पाहिले आणि दार पुन्हा लावले. ती गाडीत बसली नाही. ती घरापर्यंत चालत गेली आणि मी तिच्या मागून माणसाच्या चालीने गाडी चालवत राहिलो.

२. त्यानंतर मी पुस्तिका तीन वेळा वाचली. तान्ह्या मुलाची मान डोके पेलण्याइतकी धड नसते. गाडी एकाएकी थांबली की डोके पुढे फेकले जाते. म्हणून मुलाला पाठमोरे बसवायचे, म्हणजे सगळा धक्का आसनाची पाठ सोसते. सासूबाईंना हे पटेना. पोरीने असे काय केले आहे की तिला सगळ्यांकडे पाठ करून बसवायचे, असे त्यांनी विचारले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. तरीही मी आसन पुस्तिकेप्रमाणे बसवले. आता ते पट्ट्याजवळ धरून हलवले तर बोटभरही सरकत नाही. मुलीच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरू गेल्यास चिमटीत येत नाही. पण एकदा फसलेल्या माणसाचा स्वतःवर विश्वास राहत नाही. कोणा जाणकाराने पाहावे म्हणून मी आपल्या कार्यालयातील खिडकी क्रमांक चार, ‘बालआसन तपासणी’, येथे आलो.

३. खिडकीवरील कारकूनसाहेब खाली आले. त्यांनी गाडीच्या काचेतून आत पाहिले, आसन ठीक असल्याचे सांगितले आणि फॉर्म भरला. त्यात आसनाच्या रकान्यात लिहायचे ते अनवधानाने वाहनाच्या रकान्यात गेले. परिणामी माझ्या प्रमाणपत्रावर असे आले: ‘वाहन: चार दारी, राखाडी, तोंड मागे. आसन: निरंक.’

४. पंधरा दिवसांनी नाक्यावरच्या हवालदारांनी कागद मागितला. त्यांनी तो वाचला, गाडीला एक फेरी मारली आणि गाडी उलट्या दिशेने चालवल्याची पावती फाडली. कागदावर गाडीचे जे तोंड आहे तिकडेच तिने जायला हवे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते अतिशय सौजन्याने बोलले, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. त्यांच्यादेखत मला पुढच्या वळणापर्यंत गाडी मागे मागे न्यावी लागली. पत्नीच्या रुग्णालयातही रखवालदार आता आम्हाला बाहेर पडण्याच्या फाटकातूनच आत घेतो.

५. मी दुरुस्तीसाठी अर्ज केला. खिडकी क्रमांक सातवर कळले की दुरुस्तीसाठी वाहन समक्ष हजर करावे लागते, आणि जोवर दुरुस्ती झालेली नाही तोवर ते जुन्या नोंदीप्रमाणेच हजर करावे लागते. म्हणजे उलटे. सबब एका मंगळवारी मी घरापासून आपल्या फाटकापर्यंत संपूर्ण अंतर गाडी मागे चालवत आलो. पत्नी हातात लाल ओढणी धरून वाट मोकळी करत होती. सासूबाई मुलीला कडेवर घेऊन फुटपाथवरून चालत होत्या आणि ओळखीचे कोणी भेटले की आम्हाला ओळखत नसल्यासारखे करत होत्या. माझी मान चार दिवस वळत नव्हती.

६. आवारात वाहन निरीक्षकांनी मुलीला आसनात बसवायला लावले आणि गाडी सावकाश उलटी फिरवून दाखवायला सांगितले. मी एक फेरी मारली. मुलगी खिदळत होती. मग निरीक्षकांनी शेरा लिहिला: गाडी ज्या दिशेला जाते त्याच दिशेला मुलाचे तोंड आहे, या वयात हे धोकादायक, आसन फिरवावे. महोदय, शेरा अगदी बरोबर होता, आणि हीच तर अडचण आहे. मी विचारले की आसन आता फिरवले तर घरी जाताना मुलगी चुकीच्या दिशेने बसेल, त्याचे काय? ते म्हणाले, “घरी तुम्ही कसे जाता, तो आमचा विषय नाही. आवारात सीट बरोबर पाहिजे.”

मी आसन फिरवले. शिक्का मिळाला. फाटकाबाहेर येऊन मी ते पुन्हा फिरवले. शिक्का दुरुस्तीचा नव्हता, हजेरीचा होता, हे घरी गेल्यावर कळले. त्यानंतर मी आपल्या आवारात सहा वेळा आलो आणि प्रत्येक वेळी आसन दोनदा फिरवले. आता डोळे मिटूनही ते मला साडेतीन मिनिटांत बसवता येते.

७. आता नोटिशीबाबत. मी कोणतेही केंद्र चालवत नाही. रांगेतले लोक मला आसन काढताना-बसवताना पाहत असत. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी त्यांचे आसन पाहायची विनंती केली. ते पुढच्या बैठकीवर, एअरबॅगच्या ऐन समोर बसवलेले होते. आम्ही ते मागे नेले. मग एक आजोबा आले. ते वर्षभर आसनाला हात लावून बसत होते, कारण हात काढला की ते कलंडत असे. नातवाचे आसन असेच असते, अशी त्यांची समजूत होती. एका मुलीच्या अंगात जाड कोट होता. तो काढल्यावर पट्टा आणि मुलगी यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ मावली. तिच्या आईने ती मूठ पाहिली आणि तो कोट डिकीत टाकला.

खिडकी क्रमांक चारचे कारकूनसाहेबही जेवणाच्या सुट्टीत आपल्या नातीचे आसन घेऊन आले. मी त्यांना ते पट्ट्याजवळ धरून हलवायला सांगितले. ते हातभर सरकले. मग म्हणाले, “मी सहा वर्षं काचेतून बघतोय. एकदाही हात लावला नाही.” त्यानंतर मी आवारात असलो की ते सुट्टीत येऊन माझ्याशेजारी उभे राहतात आणि प्रत्येक आसन स्वतः हलवून पाहतात. त्यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही, आणि या अर्जामुळे त्यांना त्रास होऊ नये अशी विनंती आहे.

अशी एकूण अकरा आसने झाली. कोणाकडूनही काही घेतले नाही. काल दुपारी सुरक्षारक्षक नोटीस घेऊन आले. मी विनापरवाना बालआसन तपासणी केंद्र चालवतो, आणि केंद्रचालकाचे वाहन तोंड मागे असल्यामुळे, ते आत येत आहे की बाहेर जात आहे हे ठरवता येत नाही, असे तीत म्हटले आहे. केंद्र चालवायचेच असेल तर परवाना घ्यावा, आणि परवान्यासाठी वाहनाची नोंद निर्दोष असावी, असेही म्हटले आहे. सात दिवसांत खुलासा मागवला आहे. वरील मजकूर हाच खुलासा समजावा.

८. येथपर्यंत मी काल संध्याकाळी लिहिले होते. पुढचे आज सकाळी आपल्या फाटकाजवळ उभा राहून लिहीत आहे, म्हणून अक्षर खराब आहे.

रक्षकांनी माझा दंड धरला तेव्हा मी बाराव्या गाडीत वाकलेलो होतो. पांढरी, लहान गाडी, मागच्या दाराला पोचा. बाई एकट्याच होत्या आणि बाळ जेमतेम दीड महिन्याचे होते. आसन मी घट्ट बसवले होते. बाळाच्या अंगावरच्या डाव्या पट्ट्याला मात्र आसनाच्या मागच्या बाजूला एक पीळ होता. तो काढायला मी हात घातला होता, आणि “झालंच, ताई,” असे तोंडाने म्हणत होतो. नोटिशीवर सही करून परत यायला वीस मिनिटे गेली. तोवर त्या निघून गेल्या होत्या.

झालंच, असे मीच त्यांना म्हणालो, महोदय. त्या बाळाला त्या विश्वासावर फिरवत असतील. पीळ पडलेला पट्टा अंगावर सपाट बसत नाही. घट्ट वाटतो, पण धक्का बसल्यावर जसे धरायला हवे तसे धरत नाही.

त्यांचे नाव मला माहीत नाही. गाडीचा क्रमांक फाटकावरील वहीत आहे, कालच्या पानावर, अडीच ते तीनच्या दरम्यान. ती वही मला दाखवता येत नाही, कारण माझ्यावर कारवाई चालू आहे.

तरी माझी नोंद दुरुस्त केली नाही तरी चालेल. नोटीसही राहू द्यावी. आपण म्हणाल तितके महिने मी येथे उलटा येईन. फक्त हा अर्ज हातात पडताच ती वही वर मागवावी, गाडीच्या क्रमांकावरून आपल्या नोंदीत पत्ता-फोन शोधावा आणि त्या बाईंना कोणीतरी फोन करावा. एवढेच सांगावे: डावा पट्टा, आसनाच्या मागे, एक पीळ. काढायला अर्धे मिनिटही लागत नाही. फोनवर नीट समजले नाही, तर मी खालीच उभा आहे. आपल्या खिडकीतून दिसेन.

आपल्या हाकेची वाट पाहणारा,

(सही)
अर्जदार, शिवणयंत्र दुरुस्ती,
बाजाराच्या मागची गल्ली.

दिनांक: आजचा. वेळ: सकाळी सव्वानऊ, कार्यालय उघडण्यापूर्वी.

सोबत:
१) प्रमाणपत्राची प्रत.
२) नोटिशीची प्रत.
३) गाडीचा समोरून काढलेला फोटो, दिवे लावून.
४) पट्ट्याचा पीळ कसा काढावा याचे हाताने काढलेले चित्र. हे आधी पाहावे.