मार्वाला घरी आणायला गेले

कोव्हेंट्री, ४ नोव्हेंबर १९७९

ताईस,
आयोनीचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि. मसाला पोचला.

मार्वा बँडमध्ये गाते. स्का संगीत. आम्ही जमैका सोडलं तेव्हा किंग्स्टनमध्ये वाजत होतं तेच; ही पोरं दुप्पट वेगानं वाजवतात. निम्मी गोरी, निम्मी आपली. मधोमध ही एकटी मुलगी, पुरुषी काळ्या सुटात. पाळक ग्रँडिसननी तिला चर्चच्या गायकवृंदातून काढलं. नाताळपर्यंत बँड सोडला नाही तर मंडळीतूनही काढतील. ती म्हणते, आई, एकदा ऐक तरी. शनिवारी तिच्या कार्यक्रमाला जाणार आहे, पण ऐकायला नव्हे. तिला घरी आणायला.

लोभ आहेच, प्रार्थनाही कर.
आयोनी

मे पेन, जमैका, २० नोव्हेंबर

चि. आयोनीस,
अ. आ. तुझं पत्र पोचेतो तुझा शनिवार होऊनही गेला. पोरीला फरफटत आणलंस का? आणि बाई, नाचाला खिडकीतून उडी मारून जाणारी कोण होती? फ्रॉक माझा होता. फाडून आणलास.

पोर हातची घालवू नकोस. उत्तराची वाट पाहते.
तुझी व्हर्लीन

कोव्हेंट्री, २ डिसेंबर

ताईस,
सलाम. गेले होते.

हॉलमध्ये पुढे डोकी भादरलेली गोरी पोरं. काळ्यांनी आपल्या देशात परत जावं म्हणून ओरडत होती. मी तिला ओढायला पुढे घुसले. मार्वानं हात वर केला. बँड थांबला. मग ती एकटीच गायली, खालच्या सुरात, वाद्यांशिवाय. ताई, तो आवाज माझ्या घरात वाढला आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता. ओरडा थांबला. ती श्वासाला थांबली आणि मी, रविवारची सवय, मोठ्यानं आमेन म्हणाले. शरमेनं मेले. पण लोकांना वाटलं, गाण्यातलंच आहे. अख्खा हॉल आमेन म्हणाला. भादरलेल्यांतले काही निघून गेले. बाकीचे नाचले.

आज चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, मुलीला बँडमधून बाहेर काढलं का. मी साक्ष द्यायला उभी राहिले. म्हटलं, इतकी वर्षं या छपराखाली पवित्र आत्मा मागितला; तो मला दारूचा वास येणाऱ्या हॉलमध्ये भेटला. पाळक म्हणाले, भगिनी, खाली बसा. मी बसले नाही. बाहेर पडले.

मार्वा उद्या बँडबरोबर ग्लासगोला जाते. तिच्या सुटाला आत्ताच इस्त्री केली.

लोभ असू दे, यापुढे आम्हा दोघींवर.
आयोनी