देवापुढची रिकामी वाटी

बोईसर, मंगळवार, संध्याकाळ

कारखान्याच्या कँटीनमध्ये पहिल्या भाताची वाटी देवापुढे ठेवल्याशिवाय मी कधी वाढप सुरू केलं नाही. पण ठेकेदाराने रात्रपाळीचा उरलेला भात दुपारच्या ताज्या भातात मिसळायला सांगितलं, तेव्हापासून ती वाटी रिकामीच आहे. शिळं देवाला कसं दाखवायचं?

वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही. आज भात रांधणाऱ्या कमळीबाईने हटकलंच.

"भाऊ, तुमच्या देवाला उपास लागला काय? वाटी कवाची रिकामी हाय."

"विसरतो हल्ली."

"तुमी नाय विसरत," ती म्हणाली. "माझा पोरगा सोमा याच कारखान्यात हाय. दुपारी हितंच जेवतो. देवाला नाय चालत, मग त्याला चालतं?"

मिसळायला मीच उभा असतो.

नंतर ठेकेदार आला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय सुपरवायझर, खूश ना नोकरीत?" मी हो म्हटलं. म्हणताना नजर त्या वाटीकडेच गेली. पूर्वी शेवटचा माणूस जेवून उठला की माझंच पोट भरल्यासारखं वाटायचं. आता हात धुतो आणि निघतो.

नोकरी गेली तर? मुलीचं कॉलेज अजून व्हायचंय.

तरी उद्या शिळा भात बाजूला काढायचा. आधी ताज्या भाताची वाटी देवापुढे ठेवायची, मगच ठेकेदाराला फोन करायचा. आधी फोन केला, तर तो बोलेल आणि मी ऐकेन. माझा मला भरवसा नाही. देवापुढे ठेवलेली वाटी मात्र माझ्याने मागे घेववणार नाही.