दुसरी संचालक

४ मार्च

चि. टाचणीस,
अनेक उ. आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. मामी म्हणते, पोरगी पत्रातसुद्धा मोजूनमापून बोलते, तिला सांगा शाईला रेशन नाही. मी म्हटलं, टोचते तेवढं पुरे आहे.

एक गंमत ऐक. खालच्या गल्लीतला लॉन्ड्रीवाला परवा चादर घेऊन आला. इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी त्याच्या विहिरीच्या पाण्यात पिवळ्या होतात म्हणे. आपण नळांना क्रोमचा मुलामा चढवतो, त्याचं पाणी जमिनीत मुरतंय असा त्याचा दावा. हातांवरच्या जखमाही दाखवल्या. पहिलवान म्हणाला, मग पिवळ्याच फॅशनच्या म्हणून खपव. माझा मुलगा असला तरी जीभ त्याची त्याच्या ताब्यात नाही. लॉन्ड्रीवाला हसला नाही.

तुझ्यापासून काय लपवू? पाणी शुद्ध करायची टाकी थंडीपासून बंद आहे. पंप वीज खातो, औषधं परवडत नाहीत. तू यातली इंजिनियर, शिवाय कंपनीची दुसरी संचालक. घरचंच नाव हवं म्हणून तुझं घातलं, तेव्हा न वाचता सही केली होतीस. तर आता हक्काने विचारतो, हा पिवळा रंग घालवायला पाण्यात काय टाकू?

तुझा मामा

९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रंग घालवू नका. पिवळा रंग म्हणजेच क्रोमचं विषारी रूप. आता बंद असलेल्या टाकीत घालायची औषधं त्याचं हिरवं, कमी घातक रूप करतात, मग ते चुन्याने तळाशी बसवायचं. नुसता रंग लपवायचा उपाय मला माहीत असता तरी सांगितला नसता.

मुलाम्याचं काम आजच थांबवा. लॉन्ड्रीवाल्याला विहीर वापरू देऊ नका आणि पर्यावरण खात्याला स्वतःहून कळवा. कायदा आधी कंपनीला धरतो आणि मग ती चालवणाऱ्यांना. माहीत असून थांबवलं नाही, तर सुटका नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून मलाही माहीत आहे.

मामींना नमस्कार. पत्र आखडतं घेतलं म्हणून रागावू नये.

आपली टाचणी

२१ मार्च

चि. टाचणीस,
आशीर्वाद. घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

मी काम थांबवलं नाही. हातातली ऑर्डर पुरी करून थांबवू म्हटलं. मंगळवारी खालची गल्ली कारखान्यावर लोटली. त्यांनी फाटक ट्रकने पाडलं. आपला फिटर मध्ये पडला, तर त्याच्या गुडघ्यावर पहार घातली. हाड बाहेर आलेलं मी पाहिलं. टेम्पो पेटवला. मला कॉलरला धरून सांडपाण्याच्या टाकीपर्यंत फरफटत नेलं आणि ओरडले, हे पाणी आता तू पी. माझं तोंड पाण्याला लागणार तेवढ्यात पहिलवानाने क्रोमच्या टाकीत डबा बुडवला आणि लॉन्ड्रीवाल्याच्या तोंडावर रिकामा केला. तो माणूस किती वेळ किंचाळत होता, सांगता येत नाही. कातडी हाताला येत होती. एक डोळा गेला, दुसऱ्याबद्दल डॉक्टर खात्री देत नाहीत.

वकील म्हणतात, कंपनी गुंडाळा. कंपनीच उरली नाही तर भरपाई मागणार कोणाकडे? त्याला दोन्ही संचालकांच्या सह्या लागतात. सोबतच्या कागदावर तुझी कर. तू फक्त नावाला होतीस, तुला काही माहीत नव्हतं, असं मी शपथेवर सांगेन. तुला वाढवलं, शिकवलं, ते तुरुंगात पाठवायला नाही. मामीचं जेवण सुटलंय.

तुझा मामा

२ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे, उशीर त्यामुळे झाला.

रविवारी मी न कळवता कारखान्यात आले. तुम्ही वकिलांकडे होतात, म्हणून मीटरच्या खोलीत काय झालं ते माझ्याकडून ऐका. पाडलेल्या फाटकामागे काम चालू होतं आणि गटारात पिवळं पाणी होतं. मी मुख्य स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले. जामिनावर सुटलेल्या पहिलवानाने विचारलं, तू कोण लागून गेलीस? मी म्हटलं, संचालक. त्याने केसांना धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं आणि फ्यूज मागितले. मी दिले नाहीत. मग माझा हात चौकटीत धरून लोखंडी दार लावलं. एकदा. पुन्हा मागितले, पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी तो रडत होता. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली आहेत. कामगारांनी त्याला ओढलं नसतं तर तिसऱ्यांदाही लावलं असतं. त्या मंगळवारी आणि या रविवारीही तो तुम्हाला वाचवत होता, हे मला कळतं. मी पोलिसांना तरीही सगळं सांगितलं.

प्लास्टर झाल्यावर लॉन्ड्रीवाल्याला भेटले. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. कोण आलंय म्हणून त्याने विचारलं. मी कंपनी म्हणून सांगितलं. त्याने शिवी दिली, ती मी ऐकून घेतली. मग त्याने विचारलं, विहीर कोण साफ करणार?

कागद सही न करता परत पाठवते आहे. कंपनी गुंडाळली तरी खटला तुमच्यावर, पहिलवानावर चालेलच. पण विहीर आणि त्याखालची माती साफ करायला कोणी उरणार नाही. म्हणून कंपनी राहील. यंत्रं, जागा, सगळं त्यात जाईल. घरही बहुधा जाईल. मामींना हे माझं नाव घेऊन सांगा.

मला माहीत नव्हतं असं शपथेवर सांगू नका. मी खात्याकडे जबाब दिला आहे: मामांनी विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं, आणि उत्तर दिल्यावर मी घरी बसून राहिले. माझ्यावर जे कलम लागेल ते लागेल.

लोभ वाढवावा असं या वेळी मागत नाही. आहे तो तुटू देऊ नये, एवढीच विनंती.

आपली
टाचणी