भाऊजींकडे चालतं, माझ्याकडे नाही

४ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा काळी स्क्रीन! इमारतीची थ्रीडी फिल्म कम्प्युटरवर पस्तीस टक्के तयार झाली होती. आधी आतले पंखे असे घोंघावले, की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, मिक्सर कोणी लावला. मग स्क्रीन गेली. बंद करून पुन्हा चालू केलं, तर साळसूदासारखं सुरू! जणू काही झालंच नाही.

ग्राफिक्स कार्ड नवं कोरं. दिराच्याच कम्प्युटरच्या दुकानातलं. सोमवारी मीच बसवलं. भाऊजी म्हणत होते, येऊन बसवून देतो. मी म्हटलं, घड्याळजीची मुलगी आहे मी, कळत्या वयापासून बाबांचे स्क्रू वेचलेत. बाबांचा एकच नियम — जोर लावायचा नाही. जे बसायचं ते अलगद बसतं, दाबलं की घड्याळ गेलं. कार्ड अलगद बसलं. त्याचा विजेचा प्लगही अलगद बसला. मग याला दुखतंय कुठे?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीनदा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढून नवा टाकला. मग नवा काढून जुना टाकला. मशीनचं झाकण उघडं ठेवून टेबलफॅन लावला. कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. दोन तास गुणी बाळासारखं चाललं. मी पाणी प्यायला उठले, परत येते तर काळोख.

इंटरनेटवर विचारावं तर जितकी तोंडं तितकी मतं. एक म्हणतो तापतंय, एक म्हणतो वीज कमी पडते, एक म्हणतो मशीनच बदला. धन्यवाद!

नुसतं माझं काम असतं तर जीव इतका खालीवर झाला नसता. मी ज्यांच्यासाठी या फिल्म करते, त्या आर्किटेक्ट बाईंना ऑफिसात बारा नवी मशीनं घ्यायची आहेत. भाऊजींचं नाव मीच सुचवलं. बाई म्हणाल्या, आधी तुमच्या मशीनवर वाचनालयाची फिल्म करून दाखवा, नीट चाललं तर बाराही तुमच्या दिराकडूनच. सात वर्षांत त्या दुकानातून एका वेळी दोनपेक्षा जास्त मशीनं कोणी नेली नाहीत. भाऊजींनी तर आत्तापासून मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. फिल्म द्यायची तारीख तेरा.

७ फेब्रुवारी, शनिवार

मशीन दुकानात पोचवलं. मशीन आलं की भाऊजी आधी सगळं उघडतात, फुंकतात, परत बसवतात, मग बोलतात. संध्याकाळी फोन — सकाळपासून पूर्ण ताकदीने चालवलंय, एकदाही स्क्रीन गेली नाही. वहिनी, नजर लागेल तुमच्या मशीनला, असंही वर म्हणाले. हसले. मला नाही हसू आलं.

८ फेब्रुवारी, रविवार

मशीन घरी आणलं. कार्ड तेच आहे ना? काढून पाठीवरचा नंबर खोक्याशी ताडून पाहिला. तोच. परत बसवलं, चालू केलं. अकराव्या मिनिटाला काळी!

त्यांच्याकडे चालतं, माझ्याकडे नाही. नवरा म्हणतो, माणसं असतात तशी, तुझ्या भावाकडे गेलं की मीही शहाण्यासारखा वागतो. याला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

घरातलं प्लगचं भोक बदललं. मग खोली बदलली. मशीन स्वयंपाकघराच्या ओट्यावर! सासूबाईंनी निमूटपणे डबे सरकवून जागा करून दिली. तिथेही काळी.

कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीवर एक बारीक ओरखडा आहे. नव्या वस्तूला ओरखडा कसा? दिवसभर तेच डोक्यात.

११ फेब्रुवारी, बुधवार

बोलले मी. बोलायला नको होतं का? माहीत नाही. भाऊजी संध्याकाळी सहज आले होते. मी पट्टी दाखवली. म्हटलं, "भाऊजी, वापरलेलं कार्ड नव्याच्या खोक्यात घालून दिलंत का मला?"

भाऊजींनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला फसवून मी कुठे जाऊ?" एवढंच. मग कार्ड पिशवीत घालून घेऊन गेले.

मला वाईट वाटलं. पण रागही होता. फिल्म पुढे सरकेना, आणि बाईंचा दुपारीच फोन येऊन गेला होता — कुठवर आलं? उशिराचं कारण द्यावंच लागलं. सांगितलं की दिराने दिलेलं कार्ड वापरलेलं निघालं. बाई "अच्छा" म्हणाल्या आणि तारीख एक दिवस पुढे ढकलली. म्हणजे भाऊजींना विचारायच्या आधी मी बाईंना सांगून मोकळी झाले होते. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजींनी दुसरं कार्ड पाठवलं. सीलबंद. स्वतः आले नाहीत, नवऱ्याच्या हाती दिलं. सील मीच फोडलं. बसवलं, दर वेळेसारखंच हलक्या हाताने.

वीस मिनिटांत काळी.

आता काय? दोन कार्डं, दोन्ही खराब? की मी खराब? खरंच काही कळेनासं झालंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंनी पकडलं! कम्प्युटर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. पण तीस वर्षं त्यांनी दुकानांसाठी कपडे शिवले आहेत. मशीन अजून ओट्यावरच, झाकण उघडं. त्या डबा काढायला वाकल्या आणि तिथेच थांबल्या. कार्डाच्या विजेच्या प्लगकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अगं, हे टिचबटण अर्धवट लागलंय."

मी म्हटलं, नाही हो आई, बसलंय ते, दहादा पाहिलंय मी. त्यांनी मला बाजूला केलं. सुताएवढी फट होती, एका धाग्याची. मला दिसली नव्हती, त्यांना दिसली. मशीन बंद करायला लावलं, अंगठा टेकवला आणि दाबला. मी ओरडलेच, जोर नको! तेवढ्यात — टक्.

"वाजलं नाही तर लागलं नाही," म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या.

मी तिथेच खाली बसले. पहिल्या दिवसापासून दर वेळी मी काढत होते आणि दर वेळी अलगद, अर्धवट बसवत होते. भाऊजींनी काढून दाबून बसवलं, म्हणून तिथे चाललं. मग घरी आणून मी नंबर पाहायला पुन्हा काढलं! ओरखडाही माझ्याच स्क्रूड्रायव्हरचा असणार. बाबा, तुमचा नियम घड्याळापुरताच होता हो.

सहा तास झाले, एकदाही स्क्रीन गेली नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फिल्म गेली. बाई खूश. कार्डाचं त्यांनी काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. बरं चाललेलं असताना कुठे ते उकरून काढा?

संध्याकाळी दुकानात गेले, दुसरं कार्ड परत देऊन माझं पहिलंच आणायला. सगळं सांगितलं — प्लग, सासूबाई, टिचबटण. माफी मागितली. रडायचं नाही ठरवलं होतं, रडले. भाऊजी इतके हसले की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. म्हणाले, दुकानाच्या पाटीवर आता आईचंच नाव लावतो. मग मागची खोली दाखवली. रंग दिलाय. भिंतीला बारा मशीनांची लांबच लांब फळीसुद्धा ठोकून झाली आहे.

बाईंशी मी काय बोलले ते तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, नाही सांगितलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी भाऊजी आले. बसले नाहीत. बाईंच्या ऑफिसातून फोन आला होता — मशीनं दुसरीकडून घेतोय. कारण काही दिलं नाही.

"वहिनी, तुम्ही एकदा बोलून बघता का? तुमचा शब्द मानतात त्या."

मी हो म्हटलं.