पाया पडल्यावर बोलायचं असतं

एकतीस वर्षं रोज सकाळी, चहाच्या आधी, सून म्हणून तुमच्या पायावर डोकं ठेवलं आणि एकदाही तुमच्या तोंडातून आशीर्वादाचा शब्द पडला नाही. तुम्ही चुलीपुढं तांदूळ निवडत असायचात, हातसुद्धा थांबायचा नाही. आठवा महिना असताना पोट सांभाळत वाकले, तेव्हा तेवढं बोललात, "पदर सावर." आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता ही म्हातारी काय बोलणार, असं समजू नका. तुमच्यापायी परदेशात माझी शोभा झाली आणि माझ्या सुनेची नोकरी जायची वेळ आली.

तुमचा नातू आता आफ्रिकेत असतो, कंपाला म्हणून शहर आहे. सून तिथं पाच वर्षं घरात बसून होती. तिला शेवटी शाळेत शिकवायची नोकरी लागली, म्हणून नातीला सांभाळायला एक बाई ठेवली आणि बाईवर लक्ष ठेवायला मला नेलं. लक्ष ठेवायला असं कुणी म्हटलं नव्हतं, ते मीच ठरवलं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही, तिथली भाषा तर त्याहून नाही. पण भांडायला भाषा लागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

तिथल्या माणसांनी जीव नको केला. कोपऱ्यावर एक टोमॅटोवाली बसते. मी टोमॅटो उचलून हातानं विचारते, कसं दिलं, तर ती विचारते, रात्री झोप कशी लागली. सून म्हणते, "आई, आधी झोपेचं सांगा, मग ती भाव सांगेल." मी म्हटलं, "माझी झोप हिच्या कुठल्या टोपलीत मावणार हाय?" पण सांगितल्याशिवाय भाव फुटत नाही. मग घरचे बरे का, पोरं बरी का. वॉचमनचं तेच, मोटरसायकलवाल्याचं तेच. आपल्याकडं माणूस दारात आला की "काय पावणं, काय काम काढलंसा?" म्हणायचं, की झालं.

ती कामाची बाई पन्नाशीची, माझ्यासारखीच नातवंडांची आजी. पहिल्या दिवशी आली, दारात चपला काढल्या आणि माझ्यापुढं दोन्ही गुडघे जमिनीला टेकून, मान खाली घालून काहीतरी पुटपुटायला लागली. माझं डोकंच फिरलं. तुमच्या तेराव्याला मी मनाशी ठरवलंय की माझ्या घरात कुठली बाई वाकणार नाही. सुनेला लग्नातसुद्धा वाकू दिलं नाही. मी हिला दंडाला धरून उभी केली. "ऊठ बाई, गुडघं झिजतील." दुसऱ्या दिवशी परत टेकली. पंधरा दिवस ती टेकतेय आणि मी उठवतेय. मग मी युक्ती काढली. ती दारात दिसली की ओट्याकडं तोंड करून शेंगदाणे भाजायला लागायचं. टेकून टेकून कुणापुढं टेकेल. एका सोमवारी ती आलीच नाही. मंगळवारीही नाही.

सून म्हणाली, "आई, तुम्ही घालवलीत, तुम्हीच आणा. शाळा माझ्यासाठी दोन दिवस थांबेल, तिसऱ्या दिवशी दुसरी बघेल. मला परत घरी बसायला लागलं तर मी काही बोलणार नाही." तिचे डोळे भरलेले दिसले. मी चप्पल घातली.

दोघी त्या बाईच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, अंगणात चटई टाकून ती शेंगा फोडत बसलेली. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "कामावर ये. तेवढं पाया पडायचं सोड, बाकी तू म्हणशील ते." सुनेनं इंग्रजीत सांगितलं. ती शेंगा फोडतच राहिली, अगदी तुमचीच बहीण. मग बोलली, आणि सून मराठीत सांगत गेली, "ती म्हणतेय, गुडघे माझे, तुम्हाला का दुखतात? मोठ्या माणसापुढं टेकायचं आणि मोठ्या माणसानं बोलायचं, असं आईनं शिकवलंय. तुम्ही मला शेळीसारखं दंडाला धरून ओढता, नाहीतर पाठ करता. पाठीला किती दिवस नमस्कार करू?"

मी म्हटलं, "तिला सांग, मी तिला सोडवत होते."

"हे मी नाही सांगणार," सून म्हणाली.

मग ती बया तिच्याच अंगणात माझ्यापुढं टेकली आणि वाट बघत राहिली. सून शब्द पुरवतेय, मी म्हणतेय. झोप लागली का. लागली. पोरं बरी का. बरी. शेवटी ती म्हणाली, जेबाले. सुनेनं सांगितलं, "म्हणजे, तुम्ही काम करता त्याबद्दल आभार." मी विचारलं, "कुठलं काम?" "कुठलंही. इथं सगळेच एकमेकांना म्हणतात." मलाही ते तिला म्हणावं लागलं. अडुसष्ट वर्षांत जीभ असल्या शब्दाला कधी वळलेली नव्हती, दोनदा चुकले. बुधवारी ती कामावर आली.

आता मी मोतीबिंदूसाठी कोल्हापुरात आलेय. सून फोन लावते, चित्र दिसतं त्यातलं, तर ती कामाची बाई तिकडच्या स्वयंपाकघरात फोनपुढं गुडघे टेकते. शेजारीण बघून हसायला लागली. तिला गप्प केलं आणि मी सगळं विचारलं, झोपेपासून. मला वाटायचं वाईट वाकण्यात आहे. तुम्ही नुसतं हं म्हणाला असतात तरी माझं भागलं असतं. तुमच्या सासूनं तुम्हाला काही म्हटलं होतं की नाही, मला माहीत नाही. नसेल, तरी तुम्हाला सूट नाही.

एक मात्र आहे. सुनेला वाकू दिलं नाही, हे मी बारा वर्षं गावभर मिरवलंय. तिकडं ती शाळेला निघताना रोज म्हणते, "आई, येते." मी काय म्हणते, ते आठवायला काल दुपारभर बसले. काहीच म्हणत नाही.

हे पत्र कुठं टाकणार, उशीखाली राहील. पण उत्तर पाहिजे. मामंजींना पुढं करून "तिला सांगा" म्हणायची तुमची जुनी खोड इथं चालायची नाही. तुम्ही स्वतः बोलायचं.