समोरच्या बंद दारातल्या कुंड्या

४ जून
यंत्र पोचलं, पण सुट्या भागांची पेटी बंदरातच अडकली. आठ दिवसांचे पंधरा झाले! साहेब फोनवर म्हणतात, "मजा करा की, आयता परदेश!" मजा कसली डोंबलाची. कारखान्यात बाटल्या भरायच्या यंत्राशी बोलायचं, खोलीवर आलं की भिंतीशी.

५ जून
खोलीखालची गल्ली आज नीट बघितली. सगळी फरशी, माती औषधालाही नाही — आणि तरी फुलंच फुलं! रंगाचे डबे, फुटकं बेसिन, लाकडी खोकी, लहान मुलाचा टब... हाताला लागेल त्यात लावलंय. ही सोबत असती तर कुठली फांदी गुपचूप मोडता येईल ते आधी बघितलं असतं!

८ जून
घरी फोन. ही म्हणाली, "धाकटीचा फोन आला होता." मी विचारलं, "भाजी कसली केलीस?" म्हणाली, "दोडक्याची."
धाकट्या लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मी गेलो नाही. सव्वादोन वर्षं बोलणं बंद.

११ जून
खालच्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी स्वतःच्या कुंड्यांना पाणी घालतात, मग तीच जड झारी भरून समोरच्या बंद दाराकडे जातात. तिथंही बारा कुंड्या. आज मध्येच थांबल्या, धापा टाकत. मी म्हटलं, "द्या इकडे, कंबर जाईल तुमची!" कळलं काय कोण जाणे, पण दिली. मी पानांवर ओतायला लागलो तर मनगट धरून हात खाली केला — बुडाशी घाल! बऱ्याच दिवसांनी कुणीतरी रागावलं.

१२ जून
गेलो.

१३ जून
गेलो. माझी वाट बघत होत्या!

१६ जून
पेटी आली. ती सोडवायला कारखान्यातला दुभाष्या बरोबर होता; संध्याकाळी तो मला खोलीपर्यंत सोडायला आला. त्याला म्हटलं, विचार तरी, समोरच्या कुंड्या कुणाच्या? आजी बराच वेळ बोलल्या. त्यानं थोडक्यात सांगितलं — बहिणीच्या. कशावरून तरी बिनसलं, चौदा वर्षं अबोला. हिवाळ्यात बहीण गेली.
"चौदा वर्षं? समोरासमोर राहून?"
"हो."
आजी अजून काहीतरी पुटपुटल्या. तो जरा घुटमळला. "म्हणतात, यातलं तिचं लाडकं झाड कुठलं, ते मला माहीत नाही. म्हणून सगळ्यांना सारखंच पाणी घालते."
झारी माझ्याच हातात होती. कुठं ठेवावी सुचेना.

१७ जून
यंत्र सुरू झालं. मिनिटाला साठ बाटल्या, एकही तिरकी नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवण गेलं नाही.

१८ जून
धाकटीला फोन लावला, माझ्या नेहमीच्याच नंबरवरून. "कोण?" म्हणाली — माझा नंबर काढून टाकलाय तिनं. "मी... बाबा."
पण फोन ठेवला नाही तिनं.