मैत्रिणीचं बोट

२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ई-मेलला मायना लागत नाही हे मला ठाऊक आहे. पण मायन्याशिवायचं पत्र तू उघडूनही बघत नाहीस, हेही ठाऊक आहे.

सुखरूप पोचले. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून सगळ्यांना धाकात ठेवलंस, तेवढ्यावर तुझं भागायला हवं होतं. पण नाही, निवृत्त झाल्यावर आमच्याच मेडिकल कॉलेजात परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांची तयारी करून घ्यायला आलीस. 'मला हे येत नाही' हे वाक्य सगळ्यांकडून दहा वेळा म्हणवून घेतलंस आणि सख्ख्या भाचीकडून वीस वेळा. नातं जपावं तर असं.

इथे पत्र्याच्या छपराखाली चाळीस खाटा आहेत आणि साठ रुग्ण. डॉक्टर एकच. शिवाय मोठ्या सिस्टर आहेत, त्या थेट तुझ्यासारख्या बघतात, म्हणजे घरची आठवण यायची सोय नाही. विद्यार्थी म्हणून मी एकटीच. सहा आठवडे कसे जातील कोण जाणे.

तुझा लोभ आहेच, टोमणे आवरलेस तर तो दिसेलही.
भिंगरी

५ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पोचलीस हे वाचून बरं वाटलं. त्या दवाखान्याचं अभिनंदन करावं की सांत्वन, ते अजून ठरत नाही.

तुझे बाबा शेजारीपाजारी सांगत सुटलेत की लेक परदेशात ऑपरेशनं करते. मी म्हटलं, दादा, तिला अजून शर्टाचं बटण लावता येत नाही, जरा दमानं घे. ते रागावून घरी गेले आणि छत्री इथेच विसरले.

एक विचारते. पांढरा कोट बघून लोक तुला डॉक्टर म्हणत असतील. मी विद्यार्थिनी आहे, असं सांगतेस ना? की डोंगराएवढ्या नम्रतेमुळे गप्प बसतेस?

मोठ्या सिस्टरांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या नजरेत राहा, म्हणजे माझी काळजी निम्मी होईल.
आत्या

११ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुरुस्ती करायला त्यांची भाषा यायला हवी. मला 'दुखतं का' आणि 'श्वास घ्या' एवढंच येतं. तेव्हा डॉक्टर तर डॉक्टर.

आता नीट बसून वाच. आज सकाळी वीटभट्टीवर काम करणाऱ्या एक बाई पोटरी फाटून आल्या. डॉक्टर बाळंतपणात अडकले होते. त्यांनी दारातूनच विचारलं की टाके येतात का. मी हो म्हणाले. कॉलेजात घातलेत की, स्पंजच्या तुकड्यावर का होईना. भुलीचं इंजेक्शन दिलं आणि सात टाके घातले. बाई हूं की चूं न करता पडून होत्या. बाबांना सांग, बटणही लावीन आता.

जळू नकोस, लोभ ठेव.
भिंगरी

१२ जून, सकाळ

ती. आत्यास,
सा. न.

तुझ्या उत्तराच्या आधीच हे दुसरं पत्र. घाई काही नाही. इथल्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण लावताना तिच्या बोटात सुई गेली. हातमोजा होता, रक्त थेंबभरच आलं. काल सकाळची गोष्ट. ती म्हणते, उगाच गवगवा कशाला. तुला काय वाटतं, तेवढं कळव.
भिंगरी

१२ जून, दहा मिनिटांनी

भिंगरी,

पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस की तिथे विद्यार्थी म्हणून तू एकटीच आहेस. मैत्रीण एका रात्रीत उगवली का?

तिला सांग, बोट पिळायचं नाही, साबणाने धुवायचं. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच, मोठ्या सिस्टरांकडे जायचं आणि काल काय झालं ते एक शब्द न गाळता सांगायचं. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या बऱ्या. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, त्यातला एक दिवस मैत्रिणीने लाजण्यात घालवला. ओरडायचं ते मी नंतर ओरडेन. तुला उत्तर लिहायची गरज नाही. ऊठ.
आत्या

१५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेले. मोठ्या सिस्टर ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते. त्यांनी कपाट उघडलं, पहिली गोळी हातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत बघत राहिल्या. अठ्ठावीस दिवस घ्यायच्या आहेत. मळमळतं, पण तक्रार करायला मला तोंड नाही.

खरी शिक्षा पुढे होती. बाईंचं रक्त तपासायला शहरात पाठवायचं, तर त्यांची परवानगी हवी. सिस्टर म्हणाल्या, तूच माग, आणि का हवी तेही सांग. त्या दुभाषी झाल्या. मी सांगितलं की मी डॉक्टर नाही, शिकतेय, आणि माणसाला टाके घालायची माझी ती पहिलीच वेळ होती.

बाईंनी लगेच हो म्हटलं. मग सिस्टरांना बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. सिस्टर मला ते सांगायला तयार होईनात, मी हट्ट धरला. बाई म्हणाल्या होत्या की ही शिकाऊ आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, माझे हात कापत होते. पण त्यांना वाटलं, इथे फुकट औषध मिळतं म्हणजे नाही म्हणायची सोय नसणार.

टाक्यांपैकी दोन उसवले होते. डॉक्टरांनी परत घातले. मी शेजारी उभी राहून बघितलं. आत्या, मला माझ्या बोटाचं काही वाटेनासं झालंय.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.
भिंगरी

२० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू परत आलीस त्याला दोन महिने झाले. तुझा तीन महिन्यांचा रिपोर्ट स्वच्छ आल्याचं बाबांनी सांगितलं. एवढी बातमी द्यायला ते दोनदा येऊन गेले. मी ओरडायचं राखून ठेवलं होतं, पण एवढ्या दिवसांत ते शिळं झालं. तुझी सुटका झाली असं समजू नकोस.

वीटभट्टीवरच्या बाईंचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं मी पोरांना लस, विमा, हातमोजे, सुया शिकवतेय. स्वतःला कसं जपायचं ते सगळं. समोर झोपलेला माणूस तुम्हाला नाही म्हणू शकतो, हे त्याला कोण सांगणार, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. काल नव्या तुकडीला विचारलं. उत्तर मलाही देता आलं नाही, म्हणून तास पाच मिनिटं आधी सोडला. तुकडीने मला फार चांगली शिक्षिका ठरवलं.

सोमवारी अकराला वर्गावर ये. उत्तर घेऊन यायची अट नाही. त्या बाईंबद्दल सांग, म्हणजे झालं.
आत्या